लेखक मेला, शिक्षक उरला : पेरुमल मुरुगन प्रकरण

जानेवारी २०१५च्या मध्यावर तमिळ कादंबरीकार पेरुमल मुरुगन यांनी फेसबुकवर स्वतःच्याच मृत्यूचं निवेदन टाकलं. लेखक पेरुमल मुरुगन मेला आहे. तो देव नाही, त्यामुळे पुन्हा उठून येणार नाही. पुनर्जन्मावर त्याचा विश्वासही नाही. यापुढे पे. मुरुगन नावाचा एक क्षुल्लक शिक्षक तेवढा जगेल. त्याला एकटं सोडा. निवेदनाचा आशय हा असा होता. लिहिणारा माणूस तेव्हा पन्नाशीच्या जवळ आलेला, सरकारी महाविद्यालयात तमिळ शिकवणारा, कादंबऱ्या, कथा, कविता, निबंध अशी कितीतरी पुस्तकं नावावर असलेला.

कलावंताची कला आणि त्याचं ‘मी’पण यांचं नातं काय, हा प्रश्न एरवी भाषणांत नाहीतर मुलाखतींत येतो आणि ढोबळ उत्तर घेऊन निघून जातो. या प्रकरणात एका माणसाने दोन्ही गोष्टी जाहीरपणे एकमेकींपासून तोडून पाहिल्या. काय तुटलं, काय तुटलं नाही, आणि जे पुन्हा जोडलं गेलं ते पूर्वीसारखं राहिलं का, हे इथे कागदपत्रांच्या आधारे तपासता येतं. म्हणून हे प्रकरण मला साहित्याच्या कुठल्याही चर्चेपेक्षा जास्त शिकवणारं वाटतं.

माझं मत आधीच सांगून ठेवणं बरं. लेखकपणाचे दोन भाग असतात असं मला या प्रकरणातून दिसतं. एक आत चालणारा, शब्द जुळवत राहणारा. दुसरा आपल्या नावाने लोकांसमोर उभा राहणारा, वाचला जाणारा. पहिला भाग मुरुगन यांना स्वतःलाही मारता आला नाही. दुसरा इतरांनी मारला, आणि तो परत उभा राहायलाही इतरांचीच गरज लागली.

माणूस आणि मुलूख

दुष्काळी मराठवाड्यात रात्रभर घरघरणाऱ्या बोअरच्या गाड्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याची तिरुचेंगोडशी नकळत ओळख झालेली असते. जमिनीत शेकडो फूट खोल भोक पाडणाऱ्या त्या गाड्यांपैकी कितीतरी तिथूनच येतात. पश्चिम तमिळनाडूतल्या नामक्कल जिल्ह्यातलं हे गाव. जिल्हा अंड्यांसाठी आणि ट्रकसाठी प्रसिद्ध. गावाला लागून डोंगर, डोंगरावर अर्धनारीश्वराचं देऊळ. या सगळ्या पट्ट्याला कोंगू नाडू म्हणतात. कोरडवाहू शेती, शेळ्यामेंढ्या, ताडाची झाडं आणि जातीची घट्ट वीण हे तिथलं जगणं.

मुरुगन यांचा जन्म १९६६चा, याच परिसरातला. वडील शेतकरी, आणि जोडीला सिनेमाच्या थिएटरात सोड्याचं दुकान. हे दोन तपशील त्यांच्या पुस्तकांत पुन्हापुन्हा येतात. पहिली कादंबरी १९९१ची, घरबांधणीच्या वसाहतीसाठी जमीन गेलेल्या एका शेतकरी कुटुंबाची. पुढची थिएटरात सोडा विकणाऱ्या पोरांची. २०००मध्ये आलेली ‘कूळमादारी’ ही गौंडर जमीनदारांच्या घरी राबणाऱ्या, त्यांच्या शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या दलित मुलांची. त्याच सुमारास त्यांनी कोंगू बोलीचा शब्दकोशही तयार केला.

शब्दकोशाचं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. कादंबरी लिहून नाव होतं. पण आपल्या आजूबाजूच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडचा एकेक शब्द गोळा करत बसण्यात नाव नसतं, जीव असतो. ज्या माणसाने स्वतःच्या मुलखाची भाषा अशी वेचून ठेवली, त्याचं लेखकपण आणि त्याचा मुलूख वेगळे काढणं किती अवघड असेल याचा अंदाज इथूनच बांधता येतो. आपल्याकडे बोलीतून लिहिणारे जे लेखक आहेत, मग ती बोली अहिराणी असो, मालवणी असो की झाडीबोली, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

कादंबरी

‘मादोरुबागन’ २०१०मध्ये कालचुवडु प्रकाशनाने काढली. मादोरुबागन हे अर्धनारीश्वराचंच एक नाव. तिरुचेंगोडच्या परंपरांच्या अभ्यासासाठी मुरुगन यांना बेंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सची अभ्यासवृत्ती मिळाली होती, त्यातून ही कादंबरी निघाली. काळ स्वातंत्र्यापूर्वीचा. काली आणि पोन्ना हे एक शेतकरी जोडपं. लग्नाला बारा वर्षं झाली, एकमेकांवर अतोनात जीव आहे, मूल नाही. भाऊबंद टोमणे मारतात, जमीन पुढे कुणाला जाणार याचा हिशोब मांडतात, शुभकार्यात पोन्नाला बाजूला ठेवतात. देवळाच्या रथोत्सवात एका रात्री मूल नसलेल्या बाईने अनोळखी पुरुषाकडे जावं आणि त्या पुरुषाला देव मानावं, अशी एक रूढी कादंबरीत येते. घरची माणसं पोन्नाला तिकडे पाठवायचं ठरवतात.

कादंबरीचा गाभा ती रात्र नाही. गाभा आहे मूल नसण्याची बोच, आणि दोन माणसांच्या प्रेमात सगळं गाव कसं घुसतं ते. पोन्नाची बाजू इतक्या जवळून, इतक्या मायेने लिहिलेली कादंबरी आपल्या देशातल्या कुठल्याही भाषेत सहज सापडणार नाही असं मला वाटतं.

चार वर्षं पुस्तक शांतपणे वाचलं गेलं. २०१३मध्ये अनिरुद्धन वासुदेवन यांचं इंग्रजी भाषांतर आलं. मग २०१४च्या डिसेंबरात अचानक मूळ पुस्तकातल्या मोजक्या पानांच्या झेरॉक्स प्रती गावात वाटल्या जाऊ लागल्या. आमच्या देवाची, आमच्या गावाची आणि आमच्या बायकांची बदनामी झाली, असा आरोप होता. २६ डिसेंबरला तिरुचेंगोडमध्ये प्रती जाळल्या गेल्या. स्थानिक हिंदुत्ववादी आणि जातीच्या संघटना पुढे होत्या. ९ जानेवारीला गावात बंद पाळला गेला.

१२ जानेवारीची बैठक

या सगळ्यात मुरुगन यांनी आधी तडजोडीचा प्रयत्न केला होता, हे फारसं लक्षात घेतलं जात नाही. पुढच्या आवृत्तीत तिरुचेंगोड हे नाव आणि गावाच्या ओळखीच्या खुणा काढून टाकतो, असं त्यांनी सांगितलं होतं. बाहेरच्या माणसाला ही छोटी दुरुस्ती वाटेल. पण ज्याने आयुष्यभर हाच मुलूख लिहिला, त्याने स्वतःच्या पुस्तकातून स्वतःचं गाव पुसायची तयारी दाखवणं म्हणजे काय, याचा विचार करावा. ‘लेखक मेला’ हे निवेदन यायच्या आधीच माघार सुरू झाली होती, आणि ती नेमकी ज्या जागी त्यांचं लेखकपण रुजलेलं होतं तिथूनच सुरू झाली होती.

ती माघार पुरली नाही. १२ जानेवारीला नामक्कलच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जिल्हा महसूल अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने ‘शांतता बैठक’ झाली. एका बाजूला आंदोलकांचे प्रतिनिधी, दुसऱ्या बाजूला मुरुगन आणि त्यांचे वकील. मुरुगन यांनी दिलगिरी व्यक्त करायची तयारी दाखवली. ती ‘बिनशर्त माफी’ व्हायला हवी असा आग्रह झाला. वादग्रस्त भाग काढायचा, न खपलेल्या प्रती परत घ्यायच्या, असं लिहून त्यांनी सही केली. त्याआधीच पोलिसांनी त्यांना सुरक्षिततेसाठी गाव सोडून जायला सांगितलं होतं.

प्रशासनाचं काम इथे काय होतं? कायदा-सुव्यवस्था राखणं, म्हणजे ज्याला धमक्या येत आहेत त्याच्या बाजूला उभं राहणं. प्रत्यक्षात एका माणसाला टेबलाच्या एका बाजूला बसवून, गर्दीचा धाक दाखवून, त्याच्याकडून सही घेतली गेली. त्यानंतर लगेच ते निवेदन आलं.

निवेदन नीट वाचलं तर

त्या निवेदनाकडे रागाच्या भरात लिहिलेला मजकूर म्हणून पाहिलं गेलं, आणि त्यात राग होताच. पण त्याची रचना अतिशय विचारपूर्वक केलेली आहे. त्यातल्या तीन गोष्टींवर मला थांबायचं आहे.

पहिली गोष्ट नावाची. तमिळ रिवाजात माणसाच्या स्वतःच्या नावाआधी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर येतं. पेरुमल हे त्यांच्या वडिलांचं नाव. हजेरीपटावर, पगारपत्रकावर माणूस ‘पे. मुरुगन’. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र वडिलांचं नाव पूर्ण उघडून लिहिलेलं. म्हणजे लेखकाला मारून शिक्षक उरवताना त्यांनी दुसरं नाव घेतलं नाही, जुनंच नाव मिटून आद्याक्षरात घातलं. निवेदनाखाली सहीही ‘पेरुमल मुरुगन यांच्यासाठी पे. मुरुगन’ अशी होती. वारसाने मयताच्या वतीने करावी तशी.

दुसरी गोष्ट, त्यांनी काय मागे घेतलं. वाद एका कादंबरीचा होता. त्यांनी मागे घेतल्या त्या स्वतःच्या सगळ्या कादंबऱ्या, कथा, निबंध आणि कविता. प्रकाशकांनी काहीही विकू नये, त्यांचं नुकसान आपण भरून देऊ, ज्या वाचकांकडे पुस्तकं आहेत त्यांनी ती खुशाल जाळावीत, असं लिहिलं. वगळली ती फक्त त्यांनी संकलित, संपादित केलेली पुस्तकं. इतरांचं जे होतं ते राहू दे, माझं जे आहे ते जाऊ दे. लेखन ही माणसाने बनवलेली वस्तू असती, तर ज्या वस्तूवर तक्रार आली ती परत घेऊन प्रश्न मिटला असता. एका पुस्तकावरच्या हल्ल्याला सगळी पुस्तकं मागे घेऊन उत्तर दिलं जातं, तेव्हा हल्ला पुस्तकावर झालेला नसून लिहिणाऱ्या माणसावर झाला आहे, असं तो माणूसच सांगत असतो.

तिसरी गोष्ट ‘क्षुल्लक शिक्षक’ या शब्दांची. शिकवणं हे मुरुगन यांच्यासाठी कधीच क्षुल्लक नव्हतं. विद्यार्थ्यांचा त्यांच्यावर लोभ होता, विद्यार्थ्यांचं लेखन ते आवर्जून पुढे आणत. तरीही त्या क्षणी, लेखक वजा केल्यावर उरलेल्या स्वतःला त्यांनी ‘क्षुल्लक’ म्हटलं. नोकरी शाबूत होती, पगार चालू होता, घर होतं, संसार होता. ज्याला आपण ‘सगळं ठीक आहे’ म्हणतो ते सगळं होतं. ‘लिहिलं नाही म्हणून काय पोट भरत नाही का’ असं कलावंताला सहज ऐकवलं जातं. हे वाक्य ऐकवणाऱ्यांनी ही वजाबाकी एकदा तरी नीट वाचावी असं मला मनापासून वाटतं.

मधलं दीड वर्ष

मुरुगन आणि त्यांच्या पत्नी, दोघेही सरकारी महाविद्यालयांत शिकवणारे, बदली घेऊन चेन्नईला गेले. गाव सुटलं. सुरुवातीचे काही महिने काही लिहिता येत नव्हतं, वाचताही येत नव्हतं, असं त्यांनी नंतर सांगितलं आहे.

याच काळात देशातलं वातावरण काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. फेब्रुवारी २०१५मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ऑगस्टमध्ये धारवाडला एम. एम. कलबुर्गी यांची हत्या झाली. लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या माणसाची भीती ही तेव्हा कल्पनेतली गोष्ट नव्हती.

आणि तरीही त्या दीड वर्षात सुमारे २०० कविता लिहून झाल्या. कुणाला न दाखवता, छापायचा विचार न करता. जाहीरपणे मेलेला लेखक खोलीत बसून कविता लिहीत होता. मला हा या सगळ्या प्रकरणाचा कणा वाटतो. ‘उच्च न्यायालयाने लेखकाला जिवंत केलं’ असं पुढे सगळीकडे म्हटलं गेलं, आजही म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. निकाल यायच्या कितीतरी आधी लिहिणं परत आलं होतं. निश्चय करून, जगाला सांगून, सही करूनसुद्धा माणसाला ते थांबवता आलं नाही. पुढे हा संग्रह आला तेव्हा त्याचं नाव होतं ‘भित्र्याची गाणी’ अशा अर्थाचं. भीती लपवायची नाही, भीतीलाच विषय करायचं, ही त्या कवितांची वाट.

कविताच का, कादंबरी का नाही? याचं एक उत्तर मला असं वाटतं की कादंबरीला मुलूख लागतो, माणसं लागतात, त्यांची घरंदारं आणि जाती लागतात, आणि मुरुगन यांच्याकडून तोच मुलूख काढून घेतलेला होता. कवितेला एवढी जमीन लागत नाही. विस्थापित माणसाला ती सोबत नेता येते.

निकाल

इकडे तमिळनाडू पुरोगामी लेखक-कलावंत संघाने मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली होती. १२ जानेवारीच्या त्या ‘तडजोडी’ला आव्हान होतं. दुसऱ्या बाजूने पुस्तकावर आणि लेखकावर कारवाई व्हावी म्हणून गावातल्या लोकांच्या याचिका होत्या. मुख्य न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि न्यायमूर्ती पुष्पा सत्यनारायण यांच्या खंडपीठाने ५ जुलै २०१६ रोजी निकाल दिला.

बैठकीतल्या त्या कागदाला कायद्याने काही बंधन नाही, असं न्यायालयाने म्हटलं. कारवाईच्या मागण्या फेटाळल्या. कादंबरी ही कादंबरी आहे, तिच्यातल्या प्रत्येक रूढीचा पुरावा लेखकाने आणून द्यायचा नसतो. आवडत नसेल तर पुस्तक फेकून द्या, वाचायची सक्ती कुणी केलेली नाही. अशा प्रसंगी प्रशासनाने कसं वागावं याची काही मार्गदर्शक तत्त्वं आणि जाणकारांची एखादी समिती असावी, असंही सुचवलं.

पण या सगळ्याहून मोलाचं एक वाक्य निकालाच्या शेवटाकडे येतं. लेखकाने स्वतःच आपण मेल्याचं जाहीर केलं, तो त्याचा निर्णय होता, एवढं म्हणून भागणार नाही. तो मुक्त निर्णय नव्हता, निर्माण केल्या गेलेल्या परिस्थितीचा तो परिणाम होता, असं न्यायालयाने नोंदवलं. हे वाक्य नसतं तर बाकीचा निकाल असूनही काही उपयोग झाला नसता. कारण समोरची बाजू सहज म्हणू शकली असती की त्याला कुणी अडवलं, त्यानेच लेखणी ठेवली. घरच्यांच्या दबावाने नाच सोडणारी मुलगी, गावाच्या धाकाने तमाशाचा फड मोडणारा शाहीर, वरिष्ठांच्या इशाऱ्यावरून चित्रं काढायचं थांबवणारा सरकारी नोकर, या प्रत्येकाबद्दल आपण ‘त्याने/तिने सोडलं’ असंच म्हणतो. क्रियापदाचा कर्ता बदलायला त्या दिवशी न्यायालयाने मदत केली.

निकालाचा शेवट दोन छोट्या वाक्यांचा आहे. लेखकाला ज्यात तो सर्वांत निपुण आहे त्यासाठी पुन्हा उठू द्या. लिही.

हेच न्यायमूर्ती कौल २००८मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात असताना मकबूल फिदा हुसेन यांच्या खटल्यात निकाल देत होते. पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले हुसेन तेव्हा नव्वदी ओलांडलेले होते आणि चित्रांवरच्या खटल्यांमुळे व धमक्यांमुळे देशाबाहेर राहत होते. न्यायमूर्तींनी खटले रद्द केले आणि नव्वदीतला चित्रकार आपल्या घरी बसून चित्रं रंगवत असायला हवा, असं लिहिलं. हुसेन परतले नाहीत. २०१०मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं, २०११मध्ये लंडनला त्यांचं निधन झालं. शेवटपर्यंत ते रंगवत होते. आतला चित्रकार कुणालाच थांबवता आला नाही. पण आपल्या लोकांमध्ये उभं राहून रंगवणारा चित्रकार परत आला नाही. दोन्ही निकाल तितकेच ठाम होते. निकालाने वाट मोकळी होते, तिच्यावरून चालत यायला धमक्या देणारे हात मागे घेतलेले दिसावे लागतात, आणि वाटेवर वाट पाहणारं कुणीतरी असावं लागतं.

मुरुगन यांच्या वाटेवर माणसं होती. प्रकाशक कण्णन सुंदरम त्यांच्या पाठीशी उभे राहिले. लेखक संघ न्यायालयात गेला. ठिकठिकाणी लोकांनी त्यांची पुस्तकं जाहीरपणे वाचली. मुरुगन स्वतः गप्प असताना त्यांचं लेखकपण काही काळ या इतर माणसांनी सांभाळून ठेवलं. निकालानंतरच्या आपल्या छोट्याशा निवेदनात त्यांनी बरोबर उभं राहिलेल्या मित्रांचे आभार मानले, आणि विरोधात उभं राहिलेल्या मित्रांचेही. आकसून, कोमेजून गेलेल्या मनाला या निकालाने धीर दिला, त्यातल्या शेवटच्या ओळींचा उजेड धरून उठायचा प्रयत्न करतो आहे, असं त्यांनी लिहिलं. ‘उठलो’ असं लिहिलं नाही.

परत आलेला लेखक

ऑगस्ट २०१६मध्ये दिल्लीत त्या कवितांचा संग्रह प्रकाशित झाला आणि मुरुगन लेखक म्हणून लोकांसमोर आले. तिथे ते म्हणाले की आता माझ्या आत एक सेन्सॉर येऊन बसला आहे. जन्माला येणारा प्रत्येक शब्द तो तपासून पाहतो. याचा असा अर्थ काढतील, त्याचा तसा काढतील, म्हणून सतत सावध करत राहतो. त्याला झटकून टाकता येत नाही.

आनंदाच्या प्रसंगी उभं राहून इतकं खरं बोलायला जे धैर्य लागतं, ते मला ‘मी घाबरत नाही’ म्हणण्यापेक्षा मोठं वाटतं. आणि हे नुसतं हळवं वाक्यही नाही, ती एका हानीची अचूक नोंद आहे. बाहेरची बंदी न्यायालय उठवू शकतं. आत बसलेल्या माणसाला न्यायालयाची नोटीस बजावता येत नाही.

पण मग पुढे काय झालं, हे पाहण्यासारखं आहे. २०१६च्या अखेरीस नवी कादंबरी आली, ‘पूनाची’, एका काळ्या बकरीची गोष्ट. प्रस्तावनेत त्यांनी लिहिलं की माणसांबद्दल लिहायची भीती वाटते, देवांबद्दल लिहायची तर त्याहून जास्त. जनावरांबद्दल लिहावं म्हटलं तर नीट ओळखीची जनावरं पाचच. कुत्रा-मांजर कवितेसाठी ठीक. गाय आणि डुक्कर यांच्याबद्दल लिहायची सोय नाही. राहिल्या मेंढ्या आणि शेळ्या. त्यातली शेळी निरुपद्रवी आणि चपळ.

आतल्या सेन्सॉरने एकेक दार बंद करत आणलं आणि जे एक उघडं राहिलं, त्यातून लेखक थेट स्वतःच्या बालपणात शिरला. कोंगूच्या कोरडवाहू रानात शेळ्या राखणाऱ्यांच्या जगात. ज्या मुलखाचं नाव पुस्तकातून काढून टाकायची तयारी त्याने दाखवली होती, तो मुलूख नाव न घेता पुन्हा आला. ‘पूनाची’मध्ये शेळ्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते, कान टोचून घ्यावे लागतात, रांगेत उभं राहावं लागतं, काळ्या रंगाच्या बकरीकडे संशयाने पाहिलं जातं. माणसांबद्दल लिहायचं नाही म्हणून बसलेल्या लेखकाने माणसांबद्दल जे लिहायचं ते लिहिलंच.

काही वाचक म्हणतात, म्हणजे दडपणातून चांगलं साहित्य आलं की! मला हे म्हणणं अजिबात मान्य नाही. मुरुगन यांनी या घटनेआधी पंचवीसएक वर्षं दडपणाशिवाय चांगलं लिहिलं होतं. ‘पूनाची’ चांगली झाली ती त्या पंचवीस वर्षांच्या सरावामुळे, त्या बैठकीमुळे नव्हे. बैठकीमुळे काय लिहायचं राहून गेलं, ते आपल्याला कधीच वाचता येणार नाही.

पुढे कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा यांच्यासाठी त्यांनी कीर्तनं रचली, पंचमहाभूतांवर, ताडाच्या झाडावर. आईच्या आठवणींचं पुस्तक आलं. नव्या कादंबऱ्या, कथा, निबंध येत राहिले. अध्यापन चालू राहिलं, प्राचार्यपदही सांभाळलं. ‘क्षुल्लक’ शिक्षक आणि लेखक पुन्हा एका घरात राहू लागले.

२०२३ साली त्यांना दोन मोठे मान मिळाले. ‘पूक्कुळी’ या कादंबरीचं इंग्रजी भाषांतर आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिकाच्या लांब यादीत आलं. आंतरजातीय लग्न करून गावी आलेल्या जोडप्याची ही गोष्ट त्यांनी आंतरजातीय लग्नानंतर मृतावस्थेत सापडलेल्या धर्मपुरीच्या इळवरसन या दलित तरुणाला अर्पण केली आहे. वर्षाच्या अखेरीस ‘आळंडापच्ची’ या कादंबरीच्या जननी कण्णन यांनी केलेल्या भाषांतराला भारतीय लेखकांच्या साहित्यासाठीचं जेसीबी पारितोषिक मिळालं. जमिनीची वाटणी झाल्यावर घर सोडून नवी जमीन शोधायला निघालेल्या शेतकऱ्याची ही कथा. पहिली मूळ तमिळमध्ये २०१३ची, दुसरी २०१२ची. विकू नका, हवं तर जाळा, असं ज्या पुस्तकांबद्दल जानेवारी २०१५च्या त्या निवेदनात लिहिलेलं होतं, त्यांत ही दोन्ही होती.